रोबोटिक पार्शल नेफ्रेक्टॉमी: वर्ष होत आल्यावरचा अनुभव

किडनी ठेवून फक्त तिच्यावरची गाठ आणि भोवतालचा थोडा भाग रोबोटच्या मदतीने काढायचा, म्हणजे रोबोटिक पार्शल नेफ्रेक्टॉमी. माझं हे ऑपरेशन ठरलं तेव्हा मी नेटवर खूप वाचलं. मराठीत सापडलं ते बहुतेक रोबोटचं कौतुक: जखमा छोट्या, रक्त कमी जातं, लवकर घरी. ते खरंच निघालं. पण माझा जीव अडकला होता दुसऱ्याच प्रश्नात. गाठ मुळापासून निघते का, आणि परत येते का? वर्ष होत आलंय, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीवर गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये 3.4 सेंटिमीटर भरली. गाठ 4 सेंटिमीटरपर्यंत आणि किडनीच्या आतच असेल तर तिला टी1ए म्हणतात. ना दुखत होतं, ना लघवीतून रक्त. अशा गाठी हल्ली दुसऱ्याच कुठल्या तपासणीत सापडतात, म्हणून लहान असतानाच सापडतात. माझं सगळं नीट झालं त्यात मशीनपेक्षा या लवकर सापडण्याचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

"अख्खी किडनीच काढून टाका, म्हणजे घोर नाही," असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं. भीती समजण्यासारखी होती. पण यावर युरोपात चाचणी झालेली आहे, ईओआरटीसी या कॅन्सर-संशोधन संस्थेची. निकाल 2011 मध्ये आला. 5 सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेले 541 रुग्ण, काहींची पूर्ण किडनी काढली, काहींची फक्त गाठ आणि भोवतालचा थोडा भाग. पुढच्या नऊ-एक वर्षांत त्यांतले 117 जण वारले, पण किडनीच्या कॅन्सरने गेलेले फक्त 12. किडनी वाचवलेले जास्त जगले असंही दिसलं नाही, हे सांगायला हवं. किडनीचं काम मात्र त्यांचं जास्त टिकलं. मला बीपीची गोळी चालू आहे, आईला मधुमेह होता. उरलेल्या किडनीची मला पुढे गरज लागणार, हे उघड होतं.

ही चाचणी पोट उघडून केलेल्या ऑपरेशनांची, रोबोटची नव्हे. मग रोबोटने फरक काय पडतो? रोबोट स्वतः काहीच कापत नाही. सर्जन शेजारच्या कॉन्सोलवर बसून हात चालवतात, आत बारीक हत्यारं मनगटासारखी वळतात आणि समोर सगळं मोठं आणि थ्रीडी दिसतं. खरी कसोटी वेळेची असते. किडनीची धमनी चिमट्याने बंद करायची, गाठ काढायची, खड्डा शिवायचा आणि रक्त पुन्हा सोडायचं. हे शक्यतो 25 मिनिटांच्या आत व्हावं असं धरतात, नाहीतर किडनीला इजा होण्याचा धोका वाढतो. माझ्या डिस्चार्ज कार्डावर 18 मिनिटं लिहिली आहेत. शिवणकाम सोपं होतं, हा रोबोटचा खरा फायदा. त्यामुळे कॅन्सर परत येण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा कमी होतं, असं सिद्ध झालेलं नाही. तसं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर जरा थांबून विचारा.

कॅन्सरचा निकाल कळतो तो पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात. काढलेल्या तुकड्याच्या कापलेल्या बाजूला तिथे शाई लावतात. मग काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात, की कॅन्सरच्या पेशी शाईपर्यंत पोचल्यात का. पोचल्या नसतील तर मार्जिन फ्री. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण गेले. शेवटी आला: क्लिअर सेल कार्सिनोमा (किडनीच्या कॅन्सरचा सगळ्यात नेहमीचा प्रकार), ग्रेड 2 (पेशी फार आक्रमक नाहीत), मार्जिन फ्री, बाहेरच्या चरबीत शिरकाव नाही, पीटी1ए (तोच टी1ए टप्पा, आता पॅथॉलॉजीने पक्का केलेला). या ओळी मी वहीत उतरवून ठेवल्यात, कारण पुढचा प्रत्येक डॉक्टर तेवढंच विचारतो. या टप्प्यावर ऑपरेशन झालेल्यांपैकी पाच वर्षांत याच कॅन्सरने दगावणारे शंभरात पाचांहून कमी असतात. आणि अशा लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच, हे कळायलाही ऑपरेशननंतरचा रिपोर्टच बऱ्याचदा लागतो.

भेटायला आलेल्या जाऊबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "केमो कधीपासून?" केमो नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, आम्ही काहीतरी लपवतोय. नेहमीची केमोथेरपी किडनीच्या कॅन्सरवर फारशी चालतच नाही, आणि माझ्या टप्प्याला ऑपरेशननंतर कुठलंच औषध लागत नाही. लागतं ते लक्ष ठेवणं. ठरावीक अंतराने पोटाचा सीटी, छातीची तपासणी, आणि किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, क्रिएटिनिन. माझं क्रिएटिनिन 0.9 वरून 1.1 वर गेलं आणि तिथेच टिकलं आहे. आतापर्यंतचे स्कॅन स्वच्छ आहेत. हा कॅन्सर पाच वर्षांनंतरही डोकं वर काढू शकतो, म्हणून तपासण्या लांबतील पण थांबणार नाहीत. स्कॅनची तारीख जवळ आली की झोप उडते. सलाईनमधून डाय सोडतात तेव्हा अंगभर गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी घाबरू नये.

त्रासाचं सांगायचं तर जखमांपेक्षा खांदा जास्त दुखला. पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. घरी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे लघवी लाल झाली तर फोन न करता थेट हॉस्पिटल गाठायचं, असं मला बजावलं होतं. शिवलेल्या जागी धमनीला फुगा येऊन उशिरा रक्तस्राव होऊ शकतो. मला झाला नाही, पण हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. बादली उचलणं दीड-दोन महिने बंद होतं. पेनकिलर मात्र कायमची विचारून घ्यायची. गुडघेदुखीच्या नेहमीच्या गोळ्या किडनीला मारक असतात.

पैशांचा मनस्ताप झाला. माझ्या विमा कंपनीने रोबोटच्या खर्चातला मोठा भाग कापला, आणि तो आकडा आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी कळला. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या 2019 च्या नियमांनी रोबोटिक सर्जरी पॉलिसीतून वगळायला मनाई केली, पण कंपनीला तिला वेगळी मर्यादा घालायची मुभा ठेवली. तीच मर्यादा आमच्या पॉलिसीच्या आतल्या पानावर होती. ॲडमिट होण्याआधी टीपीएकडून (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) ती लेखी मागून घ्या, आणि सर्जनना दोन गोष्टी विचारा: अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः केलीत, आणि आत गेल्यावर जमलं नाही तर पूर्ण किडनी काढावी लागण्याची शक्यता किती?