१९५४ ची मॉरिस मायनर: इंजिन बदलायचं ठरलं होतं, बदललं नाही. चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी रस्त्यावर येऊन चौदा महिने झाले. मीटर मैलांत आहे, त्यावर ३,८५० मैलांची भर पडली, म्हणजे साधारण ६,२०० किलोमीटर. गाडी उघडून पडली होती तेव्हा मी असंच काहीतरी वाचायला शोधत होतो. प्रदर्शनात उभ्या केलेल्या चकचकीत गाड्यांचं वर्णन भरपूर मिळालं, इंजिन बदलल्याचे व्हिडिओही मिळाले. पण जुनी गाडी जुनीच ठेवून नाशिकच्या रस्त्यांवर आठवड्यातून तीन-चार दिवस चालवणाऱ्याचं सापडलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी चार दरवाजांची, समोरची काच दोन तुकड्यांची, इंजिन ८०३ सीसी, ताकद ३० हॉर्सपॉवर. देवळालीतल्या एका जुन्या बंगल्याच्या शेडमध्ये ती सात वर्षं उभी होती. आरसीची मुदत संपलेली होती, उशिराचा दंड भरून ते काम झालं. डिकीत हँडल, जॅक आणि एक वही होती. आधीच्या मालकांनी दर हजार मैलांना 'ग्रीस' असं तारखेसह लिहिलेलं. त्या वहीकडे तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

आमचा मूळ बेत वेगळाच होता. मुलगा नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात डिझाइनमध्ये आहे. त्याचं म्हणणं, बाहेरून मायनर आणि आतून आजची गाडी करू. मलाही ते पटलं होतं. जिप्सीचं १.३ इंजिन की ओम्नीचं ७९६ सीसी, एवढाच वाद होता. दोन्ही इंजिनं गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतात आणि मागच्या चाकांना ताकद देतात, म्हणून मायनरमध्ये घालणाऱ्यांची नजर त्यांच्यावरच जाते. मेस्त्रींनी फिटिंगसकट सव्वा लाख सांगितले. कुर्ल्याला जाऊन ओम्नीच्या इंजिनाला विसार देऊन आलो.

मग जुनी मॅटिंग उचलली आणि सगळं थांबलं. पुढच्या सीटखालून आडवा जाणारा क्रॉस मेंबर दोन्ही टोकांना गंजून पापुद्रे झाला होता. मायनरला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंग नाहीत, पीळ बसून स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळ्या, म्हणजे टॉर्शन बार आहेत आणि त्यांची मागची टोकं याच क्रॉस मेंबरमध्ये अडकवलेली असतात. म्हणजे गाडीचा पुढचा सगळा भार सीटखालच्या या पत्र्यावर तोललेला. तिथे आधी वेल्डिंग व्हायला हवं होतं. आम्ही मात्र नवीन गिअरबॉक्स बसावा म्हणून त्याच्याच शेजारचा बोगदा, म्हणजे गिअरबॉक्सवरचा फरशीचा उंचवटा, कापायला निघालो होतो.

त्या रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. जिप्सीचं इंजिन घातलं तर सात इंची ड्रम ब्रेक पुरणार नाहीत, म्हणजे पुढे डिस्क. मागचा एक्सल तेवढी ताकद सोसणार नाही, म्हणजे तोही बदला. मग प्रोपेलर शाफ्ट, मग रेडिएटर, मग पुढचा पत्रा. ओम्नीचं घातलं तर कापाकापी थोडी कमी, पण मग ८०३ काढून ७९६ घालायचं कशासाठी, याचं उत्तर मुलालाही देता येईना. पार्ट सहज मिळतात, हे एकच खरं कारण उरलं.

मुलाचा एक मुद्दा बिनतोड होता. "बाबा, कंपनीनेच इंजिन बदललं होतं ना?" बरोबर आहे. १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात मायनर आली तेव्हा तिच्यात ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने 'बेबी हिंदुस्तान' म्हणून आणली तीही त्याच पिढीतली. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झालं आणि ऑस्टिनचं ८०३ सीसी ए-सिरीज इंजिन मायनरमध्ये आलं. १९५६ च्या मायनर १००० मध्ये तेच वाढून ९४८ झालं, १९६२ मध्ये १,०९८. याच घराण्यातलं इंजिन मिनीमध्ये २००० सालापर्यंत बनत होतं. त्यामुळे ९४८ किंवा १,०९८ मिळालं असतं तर मी कदाचित घातलंही असतं. ते न कापता बसतं आणि गाडीच्या स्वभावातलंच आहे. पण आपल्याकडे धड अवस्थेतलं मिळेना.

कायद्याची बाजू आम्ही खरं तर विसार देण्याआधीच बघायला हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन बदलायला आधी परवानगी लागते. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे ओम्नीचं इंजिन घातलं की तो दरवाजा बंद. आम्ही व्हिंटेज नोंदणी घेतली नाही, कारण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी बाहेर काढता येते. मला रविवारी मखमलाबादकडे मिसळ खायला जायचं असतं. म्हणून नेहमीची आरसी ठेवून नूतनीकरण करत राहायचं ठरवलं.

विसार सोडून दिला. वाईट वाटलं, पण पुढचं काम सरळ झालं. एकच कसोटी ठेवली: पान्याने खोलून पूर्ववत होईल तो बदल करायचा, गॅस कटर लागेल तो नाही.

क्रॉस मेंबर आणि दारांखालच्या दोन्ही बाजूच्या सिल नवीन पत्र्याने बांधल्या. सगळ्यात जास्त पैसे आणि साडेचार महिने तिथेच गेले. इंजिनाचं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग सातपूरला झालं. तिथले लेथवाले काका साठीचे. त्यांनी नट बघूनच "हा साडेतीन सुती, तो चार सुती" असं सांगितलं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मिलिमीटरचे पाने घेऊन बसलेली तरुण पोरं बघतच राहिली. त्याच वेळी हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घेतल्या. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची, शिशामुळे सीट झिजत नसत. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं. बाहेरून काही दिसत नाही, पण माझ्या मते या गाडीतला सगळ्यात उपयोगी बदल हाच.

पेंटरने बोनेटच्या मधोमध जाणारी चपटी पट्टी पुट्टी भरून सारखी करू का, असं विचारलं. मी जवळजवळ ओरडलोच. मायनरचा आराखडा करणाऱ्या अ‍ॅलेक इसिगोनिसला तयार नमुना अरुंद वाटला, म्हणून त्याने गाडी लांबीत मधोमध कापून चार इंच रुंद केली. त्या चार इंचांची खूण म्हणजे ही पट्टी. ती बुजवली असती तर गाडीची जन्मकथाच पुसली गेली असती.

आता प्रत्यक्ष वापराकडे येतो.

स्टिअरिंगबद्दल कितीही लिहिलं तरी थोडंच. रॅक अँड पिनियन, हलकं आणि अचूक. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सकाळी सातला काढली की वळणावर हात आणि चाक यांच्यामध्ये काहीच नाही असं वाटतं. मुलाने पहिल्यांदा तिथे चालवली आणि परत येईपर्यंत इंजिनाचा विषय काढला नाही. वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नका. शून्यावरून ताशी साठ मैलांवर जायला हिला पन्नास सेकंदांहून जास्त लागतात. मी ताशी ६० ते ६५ किलोमीटरने चालवतो. मुंबई-आग्रा महामार्गावर जात नाही. मागून ऐंशीने येणाऱ्या ट्रकला माझा अंदाज येत नाही, हे दोनदा अनुभवलं.

पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद पडायला मदत करणारी योजना, नाही. द्वारका चौकाच्या गर्दीत गाडी रांगत असताना पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो, नाहीतर पूर्ण थांबावं लागतं. पंधरा दिवसांत पायाला सवय झाली.

दिशा दाखवायला मूळ गाडीत दोन दरवाजांमधल्या खांबातून बाहेर येणारा दिव्याचा छोटा हात आहे. तो बघून लहान मुलं हात हलवतात, पण शालिमार चौकात मागचा रिक्षावाला थांबत नाही. तिसऱ्या आठवड्यात मागचा बंपर घासला गेला आणि मी बंपरच्याच बोल्टांवर पट्टी बसवून पिवळे इंडिकेटर लावले. जुने हातही चालू ठेवलेत.

वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. तो निगेटिव्ह केला: बॅटरी उलटी जोडली, कॉइलच्या वायरी बदलल्या, डायनॅमोचे पोल नवीन दिशेने करून घेतले. अर्ध्या दिवसाचं काम. त्यामुळे मागचे दिवे एलईडी करता आले आणि डायनॅमोवरचा भार उतरला. तरी सिग्नलला इंजिन मंद चालत असताना चार्जिंग होत नाही. रात्रीचा लांबचा प्रवास मी टाळतोच.

उन्हाळा कठीण गेला. मे महिन्यात मुंबई नाक्यावर वीस मिनिटं अडकलो आणि पाणी उकळलं. रेडिएटरची जाळी नवीन करून घेतल्यावर फरक पडला. पण सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या रस्त्यांवर दुपारी बारा ते चार मी गाडी काढत नाही. पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल हा दुसरा त्रास. जुने रबरी पाइप दोन महिन्यांत मऊ पडले, कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचा वास यायला लागला. इथेनॉल सोसणारे पाइप घातले आणि एसयू कार्ब्युरेटरच्या जेटची सीलं बदलली. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवत नाही. अ‍ॅव्हरेज बारा-तेराचं मिळतं.

ब्रेकबद्दल मी अजून पूर्ण निर्धास्त नाही. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याच्या आत आहे. तेल तपासायचं तर मॅटिंग उचलून झाकण काढावं लागतं, म्हणून लोक तपासत नाहीत. मी दर पंधरा दिवसांनी तपासतो. शहरात ब्रेक पुरेसे आहेत. ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं सापुताऱ्याला गेलो, तेव्हा घाट उतरताना अर्ध्यावर पेडल लांब जायला लागलं आणि ड्रम तापल्याचा वास आला. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो, मग पूर्ण उतार दुसऱ्या गिअरमध्ये केला. चौघांना घेऊन घाट पुन्हा करणार नाही. पुढच्या चाकांसाठी बोल्टवर बसणाऱ्या डिस्कचे किट इंग्लंडमध्ये मिळतात आणि ते माझ्या कसोटीत बसतं. जुने ड्रम माळ्यावर ठेवता येतील.

आता त्या वहीबद्दल. सहाव्या महिन्यात त्र्यंबक रोडवर पुढून बारीक करकर यायला लागली. जॅक लावून चाक हलवलं तर खालचा ट्रनियन सैल. मायनरमध्ये पुढचं चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याचं, म्हणजे पायाचं, खालचं टोक आटे पाडलेल्या ट्रनियनमध्ये फिरतं. ग्रीस संपलं की आटे झिजतात आणि एके दिवशी पाय निसटून चाक आडवं पडतं. जोडणी करताना आम्ही ग्रीस भरलं होतं, नंतर मी विसरलो. चालवणारा मीच, चूकही माझीच. नवीन ट्रनियन इंग्लंडहून यायला पाच आठवडे लागले. आता त्याच वहीत, त्याच रकान्यात मी 'ग्रीस' लिहितो, आणि हजाराऐवजी पाचशे मैलांना.

आतापर्यंत सगळं मिळून तीन लाख साठ हजार झाले, गाडीची किंमत वेगळी. इंजिन बदललं असतं तर सुरुवातीला कमी वाटले असते, पण क्रॉस मेंबर तरीही बांधावाच लागला असता.

गाडी बदलणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. एका मित्राकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड आहे. तिचं मूळ इंजिन त्याच्याकडे येण्याआधीच गेलेलं, आणि हेराल्डला वेगळी चासी असल्यामुळे बॉडी न कापता दुसरं इंजिन बसलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण मूळ इंजिन जागेवर असेल आणि बॉडी आजवर कापली गेली नसेल, तर विसार देण्याआधी एकदा मॅटिंग उचला, सीटखाली टॉर्च मारा आणि आरसी वाचा.

आई ८२ वर्षांची आहे. आमच्या दुसऱ्या गाडीत बसताना तिला खाली वाकावं लागतं. मायनरची सीट खुर्चीसारखी उंच आहे आणि दार जवळजवळ काटकोनात उघडतं, त्यामुळे ती कुणाचा हात न धरता बसते. गुरुवारी तिला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, सोडायला मी हीच गाडी काढतो. दारांची रबरं मात्र पावसाळ्याआधी बदलायची आहेत. मागच्या श्रावणात पहिण्याच्या पावसात तिच्या बाजूला पाणी आत येत होतं.