कॅगचा ‘राज्याचे वित्त’ अहवाल: मागच्या पानांपासून वाचा

कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल विधिमंडळात मांडला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. कर्ज इतकं झालं, तूट इतकी आली, अमक्या खात्यावर ताशेरे. दोन दिवस आरोप-प्रत्यारोप होतात आणि विषय मागं पडतो. मूळ अहवाल उघडून बघणारे फार थोडे. खरं तर तो कॅगच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, मराठीतही मिळतो. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात माझी सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही या अहवालाचं वाचन मी सोडलेलं नाही. राज्याच्या पैशाबद्दल जेवढे कागद सरकारी यंत्रणेतून बाहेर येतात, त्यांत याच्याइतका भरवशाचा दुसरा मला माहीत नाही. म्हणून हा अभिप्राय लिहितेय.

घटनेच्या 151व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या लेख्यांवरचे अहवाल कॅग राज्यपालांकडे देतात आणि राज्यपालांमार्फत ते विधिमंडळापुढं येतात. अहवाल एकच नसतो. एखादी योजना घेऊन तिचा मुळापासून तपास करणारी कामगिरी लेखापरीक्षा वेगळी, नियम पाळले की नाही हे बघणारी अनुपालन लेखापरीक्षा वेगळी. ‘राज्याचे वित्त’ हा अख्ख्या तिजोरीवरचा अहवाल. कोषागारांतून दर महिन्याला महालेखाकारांकडे जाणारी प्रमाणकं (खर्चाचे पुरावे), त्यांवरून तयार होणारे वित्त लेखे (जमाखर्चाचा हिशेब) आणि विनियोजन लेखे (मंजुरी आणि खर्चाचा ताळा), हा त्याचा पाया.

पहिली दोन प्रकरणं राजकोषीय तूट, कर्ज, स्थूल उत्पन्नाशी त्यांचं प्रमाण, महाराष्ट्राच्या 2005च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याच्या मर्यादा यांची असतात. पेपरवाले एवढंच उचलतात. चांगली आहेत, पण सामान्य वाचकानं तिथून सुरुवात केली तर दहाव्या पानावर तो अहवाल मिटून ठेवेल. प्रकरणांपैकी थेट तिसऱ्यावर या.

ते प्रकरण अर्थसंकल्पाचं. सभागृहानं किती मंजूर केले आणि खात्यानं खरंच किती खर्चले, हे अनुदानवार, म्हणजे सभागृहानं मंजूर केलेल्या एकेका मागणीप्रमाणे, समोर ठेवलेलं असतं. पुरवणी मागण्यांचं, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा पैशाचं, खरं रूप इथं दिसतं. अधिवेशनात गोंधळ चालू असतानाही हजारो कोटींच्या पुरवण्या मंजूर होतात, हे आपण बघतोच. मूळ तरतूदच वर्षअखेर संपली नाही, तरीही जिथं पुरवणी घेतली होती, अशी अनुदानं अहवाल नावानिशी बाजूला काढतो. याच्या उलटही घडतं. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला, तर 205व्या अनुच्छेदाप्रमाणे तो विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो, पण ही भिजत घोंगडी वर्षानुवर्षं पडून राहतात. लोकप्रतिनिधींच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा निघू नये हा लोकशाहीचा मूळ नियम आहे, आणि तो मोडल्याची नोंद अशी कोपऱ्यातल्या तक्त्यात सापडते. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

त्याच प्रकरणात मार्चमधल्या खर्चाचा तक्ता शोधा. मी ते दिवस आतून पाहिलेत. 31 मार्चला संध्याकाळ होऊन गेली तरी बीम्सवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, अनुदान पडायची वाट बघत सगळं कार्यालय बसलेलं असायचं. ते पडलं की एकदम देयकांचे गठ्ठे, टिपण्या, सह्या, कोषागाराकडे धावपळ. मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि जागेवरचं काम जुळतंय का हे बघायला त्या घटकेला कुणालाच सवड नसायची. निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरल्यामुळं हातचा जाऊ नये, एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात. मग जो पैसा खरंच खर्च होऊ शकत नाही तो वैयक्तिक ठेव लेख्यात टाकला जातो. हिशेबात खर्च दिसतो, प्रत्यक्षात पैसा तसाच पडून असतो. ना औषध विकत घेतलं गेलं, ना वर्गखोली बांधली गेली. या खात्यांमधली शिल्लक अहवाल स्वतंत्रपणे सांगतो, आणि तो आकडा माझ्या लेखी तुटीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

चौथं प्रकरण, लेख्यांच्या गुणवत्तेचं, हा या अहवालाचा सगळ्यात उत्तम भाग. संस्थेला अनुदान दिलं, तर ते ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत यायला हवं. किती प्रमाणपत्रं आली नाहीत, कोणत्या खात्याची, किती जुनी, सगळं इथं असतं. तशीच संक्षिप्त देयकं. तातडीच्या कामासाठी तपशील न देता पैसा काढायची सोय आहे, पण नंतर पावत्यांसह तपशीलवार देयक द्यावं लागतं. ते न दिलेल्या रकमा पानभर असतात. प्रमाणपत्र नाही म्हणजे पैसा खाल्ला, असा अर्थ लगेच काढू नका. कित्येकदा काम झालेलं असतं आणि कागद टेबलावर अडलेला असतो. पण कागद नसेल तर काम झालं की नाही हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि लबाडाला तेवढंच पुरतं.

गौण शीर्ष 800, हिशेबातला एक छोटा कप्पा, हेही इथंच भेटेल. त्याचं नाव ‘इतर’. इतर जमा, इतर खर्च. ज्याला योग्य शीर्ष सापडत नाही त्याच्यासाठी ही जागा, आणि अपवादानंच वापरायची. मोठी रक्कम तिथं गेली की ती कशावर गेली हे हिशेब वाचून कळायचा मार्गच बंद होतो. कॅग यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवतं.

लेखाशीर्षांचे, म्हणजे हिशेबाच्या कप्प्यांचे, आकडे बघून घाबरू नका. शेजारचा मुलगा एमपीएससीची तयारी करतो. तो एकदा हाच अहवाल घेऊन आला. “काकू, 3054 पण रस्ते-पूल आणि 5054 पण रस्ते-पूल. दोन आकडे कशाला?” त्याला म्हटलं, “पहिला अंक बघ बाळा. 0 किंवा 1 असेल तर महसुली जमा, 2-3 महसुली खर्च, 4-5 भांडवली, 6-7 कर्जं, 8 लागला की बहुतेक लोकलेखा, म्हणजे सरकारनं नुसता सांभाळायला घेतलेला पैसा. 3054मध्ये मुख्यतः आहे त्या रस्त्याची डागडुजी, 5054मध्ये नवा रस्ता.” त्यानं लगेच विचारलं, की मग डागडुजीचा खर्च 5054मध्ये दाखवला तर? तर महसुली तूट, म्हणजे महसुली खर्चाला महसुली जमा जितकी कमी पडते ती, कागदावर कमी दिसते. चुकीच्या वर्गीकरणाचे असे परिच्छेद अहवालात असतात, आणि ते कळायला एवढी किल्ली पुरते.

आता परिशिष्टं. माझ्या मते वाचन इथूनच सुरू करावं, मग तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाकडे वळावं. तुमचं ज्या खात्याशी काम पडतं ते खातं शोधा. शाळा समितीवर असाल तर शालेय शिक्षण, आरोग्य केंद्रासाठी झगडत असाल तर सार्वजनिक आरोग्य. तिथला आकडा आणि परिच्छेद क्रमांक घेऊन माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. “अनुदानाची माहिती द्यावी” असा मोघम अर्ज वेळ मारून नेऊन परत पाठवता येतो. अमुक वर्षाच्या अहवालातल्या अमुक परिच्छेदातली प्रलंबित प्रमाणपत्रं, असं लिहिलं की टोलवणं अवघड जातं.

गावच्या ग्रामपंचायतीचा हिशेब मात्र या अहवालात शोधू नका. त्यासाठी नमुना 5ची रोकड वही आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल मागायचा.

उणिवा आहेत. भाषा जड आहे, एकेक वाक्य चार ओळींचं, आणि आक्षेप इतका सावरून मांडलेला की नवख्याला त्यातलं गांभीर्य निसटतं. त्याहून मोठा प्रश्न उशिराचा. अहवाल किती दिवसांत सभागृहापुढं ठेवायचा याची मुदत 151व्या अनुच्छेदात नाही. आपल्याकडे बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी तो पटलावर येतो, म्हणजे चर्चेला जागाच उरत नाही. ही मुदत कायद्यानं घालावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पुढं काय, इथं खरं घोडं अडतं. कॅग शिक्षा करू शकत नाही. प्रत्येक परिच्छेदावर खात्यानं महिन्याभरात स्पष्टीकरण द्यायचं आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीनं सचिवांना समोर बसवून विचारायचं, अशी रीत आहे. स्पष्टीकरणं थकतात, समितीपुढं परिच्छेद साचत जातात. जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेवरचा कॅगचा अहवाल सप्टेंबर 2020मध्ये आला. 9,633.75 कोटी खर्चूनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यात आणि भूजल वाढण्यात फारसा फरक पडला नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर राजकारण भरपूर झालं. कोणत्या तालुक्यात आराखडा कुठं चुकला, देखभालीचे पैसे का ठेवले नाहीत, यावर गावोगाव चर्चा व्हायला हवी होती. नंतर योजनेचा 2.0 टप्पाही आला. तो राबवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर तो जुना अहवाल असायला हवा.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांना एक सुचवते. लागोपाठच्या दोन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी उघडा आणि थकीत उपयोगिता प्रमाणपत्रांचा तक्ता खातेनिहाय ताडून बघा. रक्कम घटली असेल तर त्या खात्यात कुणीतरी मन लावून काम करतंय. वाढत असेल, तर आपल्या आमदारांना पत्र लिहायला तेवढं कारण पुरेसं आहे. पत्रात पान क्रमांक जरूर टाका.