डायटोमेशियस अर्थ: फूड ग्रेड की फिल्टर ग्रेड?

दोन्ही पावडरी साधारण सारख्याच दिसतात, म्हणून लोक बिनधास्त एकीच्या जागी दुसरी वापरतात आणि तिथेच घोळ होतो. मूळ माल एकच, डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचे सिलिकाचे सांगाडे. पण फिल्टर ग्रेड भट्टीत 900 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्याही वर भाजलेली असते, बऱ्याचदा सोडा ॲश घालून, त्यामुळे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि स्विमिंग पूलचं पाणी, बिअर, साखरेचा पाक असं सगळं त्यातून भराभर गाळून निघतं. त्या कामात ती एक नंबर. पण भाजताना बरंचसं सिलिका स्फटिकरूप होतं, त्याची धूळ सतत फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, म्हणून बागेत आणि धान्यात कीड मारायला ही अजिबात नको.

किडीसाठी फूड ग्रेडच घ्या. ही न भाजलेली असते, किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर शोषून घेते, वर ओरखडेही पडतात, मग अंगातलं पाणी उडून जातं आणि किडा सुकून मरतो. साठवलेल्या धान्यातल्या सोंडकिड्यांवर तर मस्तच चालते, फक्त कोरडी राहायला हवी, दव पडलं की जोर संपला, वाळल्यावर परत भुरभुरायची. आणि प्लीज फुलांवर टाकू नका, मधमाश्यापण त्याच पद्धतीने मरतात. मास्क मात्र दोन्ही वापरताना लावाच.