वेट लेगवाला डीपी की गाइडेड वेव्ह रडार?

प्रेशरखालचं बंद व्हेसल, आत हलका हायड्रोकार्बन, वरची वाफ थंड झाली की लगेच कंडेन्स होणारी. म्हणजे वरच्या टॅपिंगपासून (व्हेसलला काढलेल्या जोडणीपासून) येणारी ट्यूब कोरडी ठेवणं, म्हणजे ड्राय लेग, चालणार नाही. लेव्हल ट्रान्समीटर घ्यायचाय आणि समोर दोन कोटेशन आहेत: एक डीपी ट्रान्समीटर (वरच्या आणि खालच्या दाबातल्या फरकावरून लेव्हल काढणारा), वेट लेग (मुद्दाम द्रवाने भरून ठेवलेली वरची ट्यूब) आणि सील पॉट (तिच्या माथ्यावरचं द्रवाचं भांडं) यांसकट, दुसरा बाहेरच्या चेंबरमध्ये बसणारा गाइडेड वेव्ह रडार (प्रोबच्या दांड्यावरून लहर सोडून द्रवाच्या पृष्ठभागावरून परत येणारा एको मोजणारा). अचूकतेचे आकडे दोन्ही कॅटलॉगांत देखणेच असतात. त्यावरून निवड करणं म्हणजे पत्रिका बघून संसाराचा अंदाज बांधणं. प्लँटवर लेव्हल चुकते ती त्या दशांश टक्क्यामुळे नाही.

डीपीची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. त्याला आत काही सोडावं लागत नाही. अॅजिटेटर फिरो, फेस येवो, द्रवाचा डायइलेक्ट्रिक (विद्युत गुणधर्म) काहीही असो, त्याला फरक पडत नाही. रात्रपाळीचा कुठलाही इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन तो उघडू शकतो, त्यासाठी लॅपटॉप लागत नाही. स्टोअरमध्ये फ्लोसाठी ठेवलेला स्पेअर वेळ पडली तर रेंज बदलून इथे लावता येतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे प्लँट चालू असताना मॅनिफोल्डवर (ट्रान्समीटरजवळच्या व्हॉल्व्हच्या संचावर) आयसोलेट करून त्याचा झीरो बघता येतो.

या शेवटच्या गुणावरच माझं डीपीशी बिनसलं.

समजा दोन टॅपिंगमधलं अंतर २ मीटर आहे. वेट लेगमधल्या द्रवाची सापेक्ष घनता हिशोबाला सोपी म्हणून १ धरू, प्रोसेसमधल्या द्रवाची ०.७. वाफेचं वजन सोडून देऊ. लेगचा दाब वजा बाजूला लागतो, म्हणून व्हेसल रिकामं असताना ट्रान्समीटरला दिसणार उणे २००० मिमी पाण्याइतका दाब, भरलेलं असताना उणे ६००. स्पॅन १४०० मिमी. आता वेट लेग २० सेंमी उतरला. खरी लेव्हल ५० टक्के असेल तर पडद्यावर ६४ येईल. ऑपरेटर ६४ बघून लेव्हल खाली आणायला जाईल आणि आधीच अर्ध्यावर असलेलं व्हेसल आणखी रिकामं करेल. खाली पंप असेल तर पुढचं सांगायला नको.

आणि २० सेंमी म्हणजे किती द्रव? अर्ध्या इंची ट्यूबमध्ये साधारण १६ मिली. एक मोठा चमचा. ड्रेन प्लगच्या आट्यांतून एवढा द्रव गळायला फार दिवस लागत नाहीत, आणि खाली ओघळही दिसत नाही. सील पॉट असतो तो यासाठीच. पॉट भरलेला असेल तर चमचाभर गेल्याने काही बिघडत नाही. पण पॉट भरलेला आहे की नाही हे वर चढून बघितल्याशिवाय कळत नाही. वर चढायचं म्हणजे परमिट, स्कॅफोल्डिंग, आणि बहुतेक वेळा पुढच्या शटडाउनची वाट.

झीरो चेकने हे कळेल असं वाटतं, पण कळत नाही. दोन्ही बाजू बंद करून एकमेकींना जोडल्या (इक्वलाइझ केलं) की ट्रान्समीटर शून्य दाखवतो आणि आपण समाधानाने खाली उतरतो. त्यातून एवढंच सिद्ध होतं की ट्रान्समीटर ठीक आहे. लेगमध्ये द्रव किती उरलाय याबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नसतो. त्यात घाईच्या वेळी दोन्ही आयसोलेशन पूर्ण बंद होण्याआधी इक्वलाइझिंग व्हॉल्व्ह उघडला गेला, तर लेगमधला जड द्रव पलीकडच्या बाजूने सरळ व्हेसलमध्ये उतरतो. तपासणी झाली, रिपोर्टवर सही झाली, आणि लेव्हल तपासणीआधी होती त्याहून जास्त चुकीची झाली. डीपी ज्या गुणासाठी घ्यायचा, तो वापरायला जावं तर असं होतं.

शटडाउननंतरचं स्टार्टअप हा याच दुखण्याचा वार्षिक उत्सव. डीप्रेशराइझ करताना लेगमधला द्रव उकळून उडालेला असतो, किंवा कोणीतरी ड्रेन केलेला असतो. पॉट भरायचं काम चेकलिस्टवर असतं, पण ते मेकॅनिकलकडे की इन्स्ट्रुमेंटकडे यावर दरवेळी नव्याने चर्चा होते. मग फीड घेतल्यावर फील्ड ऑपरेटर व्हेसलवरची लेव्हल ग्लास बघून वॉकीटॉकीवर सांगणार, ‘साहेब, काचेत पाव आहे,’ आणि पॅनलवर अर्ध्याहून जास्त. दोघंही खरं बोलत असतात. अशा वादांत मी इतक्यांदा मध्यस्थी केली आहे की आता वेट लेग हा शब्द ऐकला तरी मी सावध होतो.

प्रेशर सिग्नलमधल्या बारीक थरथरीवरून तुंबलेली इम्पल्स लाइन (दाब ट्रान्समीटरपर्यंत आणणारी ट्यूब) ओळखणारे डीपी आता मिळतात. पण हळूहळू उतरणारा लेग त्यांच्या तावडीत सापडेल असा भरवसा मी धरत नाही.

कॅपिलरी आणि रिमोट सील, म्हणजे टॅपिंगवर डायफ्राम बसवून तेलाने भरलेल्या बंद नळीतून दाब आणणं, हा मधला मार्ग. लेग उतरण्याची कटकट संपते हे खरं. पण सिलिकॉन ऑइल उन्हात फुगतं, वरची कॅपिलरी उन्हात आणि खालची सावलीत असेल तर लेव्हल दिवसभर डुलत राहते, आणि व्हॅक्यूम सर्व्हिसला वेगळी काळजी घ्यावी लागते. शिवाय डायफ्राम गेला की अख्खी असेंब्ली बदला. माझ्या मते हा पर्याय चिकट आणि तुंबणाऱ्या सर्व्हिसला, इथे नाही.

आता रडार. त्याला घनतेशी देणंघेणं नाही, आणि स्टार्टअपला हे फार महत्त्वाचं असतं, कारण तेव्हा द्रव थंड असतो किंवा भलताच असतो. २००५ च्या मार्चमधला अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीचा अपघात सगळ्यांना माहीत आहे. १५ माणसं गेली. तिथल्या टॉवरवरचा ट्रान्समीटर डीपी नव्हता, डिस्प्लेसर (द्रवात बुडालेल्या दांड्याला मिळणाऱ्या उचलीवरून लेव्हल सांगणारा) होता. पण डिस्प्लेसरही घनतेवरच जगतो. टॉवर त्याच्या मापाच्या कितीतरी वर भरत होता, डिस्प्लेसर पूर्ण बुडालेला होता, आणि द्रव तापून हलका होत गेला तशी पडद्यावरची लेव्हल चक्क उतरत होती. कॅलिब्रेशनसाठी धरलेली घनताही जुनी होती. डीपीची गतही वेगळी नसते: द्रव वरच्या टॅपिंगच्या वर गेला की तोही लेव्हल नाही, घनताच सांगत बसतो. अपघाताची कारणं बरीच होती, त्यामुळे सगळं खापर एका इन्स्ट्रुमेंटवर फोडणं बरोबर नाही. पण घनता गृहीत धरून लेव्हल सांगणारं यंत्र कुठवर जाऊ शकतं, ते तिथे दिसलं.

रडारचीही कुरबूर आहे. हायड्रोकार्बनचा डायइलेक्ट्रिक २ च्या आसपास. त्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम ३ टक्के ऊर्जा परत येते. पाण्यावरून ६० टक्क्यांच्या वर येते. म्हणजे आपल्या सर्व्हिसला एको मुळातच बारीक, आणि नोझलमधला एखादा वेल्डचा गोळा किंवा प्रोबवर जमलेला चिकटा त्याच्यापेक्षा मोठा ओरडू शकतो. प्रोबच्या वरच्या टोकाजवळ थर जमला की रडार ‘भरलं, भरलं’ म्हणत बसतो. चेंबरच्या भिंतीला प्रोब टेकला तरी तेच. आणि हे दुरुस्त करायचं तर एको कर्व्ह (परत आलेल्या लहरीचा आलेख) वाचता येणारा माणूस हवा. तो रात्री दोनला हजर असेलच असं नाही. ज्या प्लँटवर असा माणूस एकच आहे, तिथे रडार घेताना मीही दोनदा विचार करेन.

आणखी एक. उच्च दाबाच्या वाफेत रडारची लहर मंदावते. १०० बारच्या संपृक्त वाफेत अंतर ५-६ टक्के जास्त दिसतं, म्हणजे लेव्हल तेवढी खाली दिसते. प्रोबवर रेफरन्स रिफ्लेक्टर (ठरलेल्या अंतरावरची खूण) असलेले रडार हे सुधारून घेतात. तरी बॉयलर ड्रमसाठी मी अजून प्रेशर कॉम्पेन्सेशनचा डीपीच म्हणतो, तिथली गणितं आणि ट्रिपची व्होटिंग (अनेक ट्रान्समीटरच्या बहुमतावर ट्रिप ठरवणं) पिढ्यान्‌पिढ्या घोटून बसलेली आहेत. आपल्या व्हेसलला हा प्रश्न नाही.

मग माझं पारडं कुठे झुकलं? दोघांच्या चुकण्यात एक फरक आहे. रडारचा एको हरवला की ठरवलेल्या वेळानंतर तो नेहमीच्या पट्ट्याबाहेरच्या अलार्म करंटवर जातो, ३.६ च्या खाली किंवा २१ मिलीअॅम्पच्या वर, आणि पॅनलवर सगळ्यांना कळतं. खोट्या एकोला चिकटला तर तो फसवतो, नाही असं नाही. पण तेव्हाही कर्व्ह उघडला की खोटा डोंगर डोळ्यांना दिसतो. पुरावा ट्रान्समीटरच्या आतच असतो. उतरलेल्या वेट लेगचा पुरावा मात्र पॉटमध्ये, शिडीच्या टोकाला. डीपी ६४ दाखवतो तेव्हा तो अगदी शांतपणे, सुरळीत ट्रेंडसकट ६४ दाखवतो. इतका सज्जन ट्रेंड की कोणी शंका घेत नाही.

तुमच्याकडे द्रव चिकट असेल, पॉलिमर जमत असेल, किंवा चेंबरला नोझल काढायला हॉट वर्क शक्यच नसेल, तर माझं ऐकू नका. पण स्वच्छ, हलका, प्रेशरखालचा द्रव असेल, तर जरा जास्त पैसे देऊन रडार घ्यावा असं मला वाटतं.

घेणार असाल तर ऑर्डरआधी तीन गोष्टी पक्क्या करा. वरचा ब्लाइंड झोन (प्रोबच्या टोकाजवळ रडारला न दिसणारा पट्टा) हाय ट्रिपच्या सेटपॉइंटच्या वर राहतोय ना, हे ड्रॉइंगवर मोजा. चेंबरचं वरचं टॅपिंग खाली असलं की इथेच घोळ होतो. चेंबरला इन्सुलेशन द्या, नाहीतर आतला द्रव थंड आणि जड होऊन चेंबरमधली लेव्हल व्हेसलपेक्षा खाली राहील, आणि रडार ती खालचीच इमाने सांगेल. आणि कमिशनिंगच्या दिवशी रिकाम्या, अर्ध्या आणि भरलेल्या व्हेसलचे एको कर्व्ह सेव्ह करून टॅग नंबरने ठेवायला व्हेंडरच्या माणसाला सांगा, तो जाण्याआधी.

व्हेसलवर आधीपासून जुना डीपी असेल, तर तो काढून टाकू नका. वेगळ्या तत्त्वावर चालणारा दुसरा ट्रान्समीटर फुकट मिळतोय. दोघांच्या फरकावर एक डेव्हिएशन अलार्म टाका. तो वाजला की दोघांनाही तपासावं, हे बरोबर आहे. मी सुरुवात वेट लेगपासून करतो.