माझेच पाटे मला विकले, वर भंगाराचे १,२०० रुपये दिले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवायला काही उरत नाही. गाडी उंच करायच्या लिफ्ट किटचे ५४,०००, मजुरी ८,५००, त्यातून माझ्या जुन्या पाट्यांच्या, म्हणजे ॲक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, भंगाराचे १,२०० वजा. एकूण ६१,३००. पैकी २५,००० टोकन यूपीआयने आणि ३६,३०० रोख. रोख का? तर किट बसवणारा दुकानदार म्हणाला, "जीएसटी वाचेल, साहेब." वाचवला मी जीएसटी. हसा.

गाडी २००६ ची जिप्सी, एकदा पुनर्नोंदणी करून झालेली. पाटे बसले होते आणि शेताकडच्या वाटेवर डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, दगडांना घासायचा. दोन इंच लिफ्ट केली की प्रश्न मिटेल, असं मीच ठरवून गेलो होतो. तेही चूकच. पाट्यांनी उचलली जाते ती चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. डिफरन्शियल ॲक्सलमध्येच असतो, तो जमिनीपासून वर येतो फक्त मोठ्या टायरने. हे त्या दुकानदाराला नक्की माहीत होतं. पण गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी चालत आल्यावर कोण कशाला सांगेल!

त्याने एकदाही विचारलं नाही की पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आहे का, लोखंडी बंपर आहे का, मागे किती वजन असतं. पाटे वजनावर निवडतात. ज्याने वजन विचारलं नाही त्याला टोकन देऊ नका.

किट मात्र दाखवलं. खोक्यातलं, बाहेरच्या देशातलं, स्टिकरसकट. फोटोही काढू दिले. मग गाडी दोन दिवस ठेवून घेतली. ते किट माझ्या गाडीखाली कधी गेलंच नाही, हे मला पाच आठवड्यांनी कळलं.

आता तो क्षण. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी खाली वाकून पाहिलं होतं. पाहिलं नाही असं कुणी म्हणू नका, चांगली पँट घालून गुडघ्यावर बसलो होतो. मागच्या डाव्या पाट्यावर हात फिरवला आणि बोटाला काळा रंग लागला. ओला. परदेशातून खोक्यात बंद होऊन आलेल्या पाट्याचा रंग ओला कसा असेल? माझ्या तोंडून निघालंसुद्धा, "रंग ओला आहे का हो?" तो हसून म्हणाला, "पावसाळा येतोय, साहेब. गंजू नये म्हणून वरून एक हात मारून दिला. फुकट." आणि मी काय म्हणालो? थँक्यू म्हणालो. बोट रुमालाला पुसलं. तो रुमाल धुऊनही डाग गेलेला नाही.

माझी बाजूही ऐका. जुने पाटे मी मागितले होते. "भंगारात घातले, हे बघा, बिलातून १,२०० कमी केलेत," असं म्हणून त्याने कच्ची चिठ्ठी पुढे केली. जो माणूस न मागता भंगाराचे पैसे देतो, तो चोर असेल असं तुम्हाला वाटलं असतं का? ते १,२०० नसते तर कदाचित मी त्या ओल्या रंगावर अडून बसलो असतो.

उंचीही मोजून दाखवली. टेप जमिनीवर टेकवून मडगार्डपर्यंत, बरोबर दोन इंच जास्त. मधल्या काळात त्याच्याच सांगण्यावरून मी २०५/७० आर १५ काढून २१५/७५ आर १५ टायर बसवले होते. हिशोब नंतर घरी केला. टायरने गाडी १८ मिलिमीटर वर येते. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कड्या, दोन इंच लांब घातले की एक इंच मिळतो, म्हणजे २५ मिलिमीटर. झाले ४३. उरलेले ८ मिलिमीटर माझ्याच पाट्यांना भट्टीत तापवून ठोकल्याचे, आणि टाकी रिकामी असल्याचे. "येताना डिझेल-पेट्रोल काही भरू नका, जॅकला हलकं पडतं," म्हणाला होता. जिप्सीला डिझेल! तिथेही मी फक्त हसलो. उंची मोजायची तर चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजा, काम सुरू होण्याआधी आणि नंतर, स्वतःच्या टेपने.

पाच आठवड्यांत मागची डावी बाजू बसली. पाटा तापवून वाकवला आणि पुन्हा नीट पाणी दिलं नाही तर तो ताठपणा सोडतोच. पन्नासच्या वर स्टिअरिंग थरथरायचं. दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी वर घेतली आणि पहिल्यांदा ब्रेकचा होज (रबरी पाइप) दाखवला. चाक लोंबकळलं की तो तारेसारखा ताणला जात होता, कारण जुन्याच मापाचा ठेवलेला. मग त्यांनी पाट्याच्या क्लिपवरचा काळा रंग खरवडला. खाली पिवळा. दोन वर्षांपूर्वी पाट्याचं एक पान (पट्टी) तुटलं म्हणून बदललं होतं, तेव्हा याच मिस्त्रींनी ओळखीसाठी मारलेला. "साहेब, हे तर माझंच काम," एवढंच म्हणाले. शॉकअप तेवढे नवे निघाले, पण मूळ मापाचेच. गाडी पूर्ववत करायला १४,६५० गेले.

तक्रारीचं पुराण वेगळंच. पोलीस ठाण्यात "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, जुना माल नवा म्हणून विकला, ही सरळ फसवणूक आहे, पूर्वीचं कलम ४२०, आताच्या न्याय संहितेचं ३१८. त्यावर साहेबांनी मान वर करून विचारलं, "गाडीत बदल केलात, आरटीओची परवानगी घेतली होती?" आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ मलाच ऐकवलं, एकेका बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. गेलो होतो फिर्यादी म्हणून, बाहेर आलो आरोपीसारखा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पुढे मेसेज आला की समोरच्याकडून उत्तर नाही, तक्रार बंद. उत्तर न देणं हाच सुटायचा मार्ग असेल तर उत्तर देईल कोण? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण पहिला प्रश्न पक्क्या बिलाचा. माझ्याकडे २५,००० ची यूपीआय नोंद आहे आणि एक चिठ्ठी, जिच्यावर दुकानाचं नाव नाही. रोखीचे ३६,३०० कुठल्या तोंडाने सिद्ध करू? तरी अर्ज टाकलाय. जुने सुटे भाग त्याच दिवशी गाडीत टाकून घरी आणा, भंगारात जायचे असले तरी. आणि पाट्यांवर आतल्या बाजूला पंचने खूण करून ठेवा, रंग खरवडावा लागणार नाही.

परवा एका मित्राने त्या माणसाचं व्हॉट्सॲप स्टेटस पाठवलं. माझीच जिप्सी, मडगार्डला लावलेली टेप, आणि खाली लिहिलंय, 'समाधानी ग्राहक'. कोपऱ्यात टेपचं दुसरं टोक धरून मी उभा आहे.