आधी फोन, की आधी सिव्हिल?

घरातला माणूस रोज पितोय, झोप उडालीय, कधी चिडतो तर कधी दिवसभर गप्प. सोलापुरात अशा वेळी कुठे जायचं, हे बहुतेक घरांत 'कोणाला कळणार नाही' या हिशोबाने ठरतं. मी म्हणेन, आधी त्याचे हात बघा.

सकाळी घोट मिळाला नाही की हात थरथरतात, घाम सुटतो? मग फोनवरच्या समुपदेशनावर थांबू नका. अशा माणसाची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. देवापुढे शपथ घालून खोलीत कोंडणं म्हणूनच धोक्याचं. त्याला घेऊन सिव्हिलला जा, केसपेपर काढा आणि मानसोपचार विभाग विचारा. रांग असते, त्या दिवसाची मजुरी बुडते, ओळखीचं कोणी दिसेल ही धास्तीही खरी. पण प्रकृती बिघडलीच तर बाकीचे डॉक्टर तिथेच असतात, आणि उदासी व दारू या दोन्हींवर एकत्र उपचार होऊ शकतात. माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे. खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे वेळ ठरवून जाता येतं, निवांत बोलता येतं. मात्र औषधं महिनोन्‌महिने चालू शकतात, तेव्हा खर्च पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

फोनची खरी जागा वेगळी आहे. टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. २०२२ पासून सुरू, मोफत, रात्री दोनलाही लागतो. मराठीशिवाय तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या ज्या आईला मुलाचं दुखणं तेलुगूतच सांगता येतं, तिच्यासाठी ही सोय मोठी. पिणाऱ्यानेच फोन करावा असं नाही. बायकोने, बहिणीने केला तरी चालतो, आणि तो यायला तयार नसेल तर सुरुवात तिथूनच करावी. व्यसनासाठी वेगळा क्रमांक १४४४६. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११२-३५६, तिथे फोनने सुरुवात केली तरी चालतं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांचा गट, यांच्या बैठका फुकट असतात, प्रत्यक्ष आणि ऑनलाइनही. तिथे औषध मिळत नाही, पण सुटल्यानंतरच्या रिकाम्या संध्याकाळी त्यांचा फार आधार होतो. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे.

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींतली पावडर भाजीत कालवू नका. त्यात दारूसोबत रिअ‍ॅक्शन देणारं औषध असलं तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि डॉक्टरांना काय दिलंय तेही सांगता येत नाही.

निवासी केंद्राचा विचार असेल तर तीन गोष्टी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का. उत्तर टाळलं तर दुसरं केंद्र बघा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. तिकडे जायचं तर आधी फोन करून जागा विचारा.

माणूस मरणाची भाषा बोलत असेल तर यातलं काहीच तोलत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा आणि थेट तातडीच्या विभागात न्या.