कर्मचारी सर्व्हे लोकांपर्यंत पोचवायचे सगळे मार्ग वापरून झाले: वर्षभरानंतरचा अनुभव

चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरला आहे. गेल्या वर्षभरात आम्ही छोटे-मोठे बरेच सर्व्हे काढले. कॅन्टीन, बस, ट्रेनिंग, सुपरवायझरची वागणूक आणि वर्षाचा मोठा सर्व्हे. प्रश्न काय विचारायचे यावर नेटवर ढिगाने सापडतं. पण ती लिंक किंवा तो कागद माणसाच्या हातात कसा पडणार, यावर जे काही मिळतं ते लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांसाठीच लिहिलेलं. आमच्याकडे लॅपटॉपवाले मूठभर. बाकी सगळे लाइनवर, तीन शिफ्टमध्ये, मोबाइल लॉकरमध्ये ठेवून. त्यात कोणी कायम, कोणी ट्रेनी, कोणी कॉन्ट्रॅक्टचा. कंपनीचा ईमेल फक्त स्टाफला.

माझं मत आधीच सांगून टाकते. टूल कुठलं, याने आमच्याकडे फार फरक पडला नाही. सर्व्हे कोणाच्या हातून आला आणि तेव्हा माणूस कुठे होता, याने पडला.

ईमेलचं पटकन उरकते. स्टाफसाठी ठीक आहे. आमच्याकडे ऑफिसचं सगळं मायक्रोसॉफ्टवर असल्याने मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स आपसूक आलं. फक्त कंपनीतल्यांसाठी फॉर्म उघडा ठेवला की बाहेरचा कोणी भरत नाही, आणि एका माणसाने एकदाच भरायचं अशी टिकही लावता येते. नाव नोंदवायचं की नाही याची टिक वेगळी असते, ती बघून काढायची. पण लॉगइन करूनच आत जायचं असल्यामुळे ‘तुमचं नाव दिसणार नाही’ हे वाक्य लोक अर्ध्या मनाने वाचतात. पैसे भरून घ्यायच्या टूल्समध्ये प्रत्येकाला स्वतंत्र लिंक जाते आणि ज्याने भरलं नाही त्यालाच आठवणीचा मेल जातो. ऐकायला सोयीचं. आमच्या क्वालिटीतल्या एकाने मात्र सरळ विचारलं, ‘मॅडम, कोणी भरलं ते कळत नाही म्हणता, मग मी भरलेलं नाही हे त्या मेलला कसं कळलं?’ बिनतोड प्रश्न. सिस्टिमला कळतं, एचआरला दाखवत नाही, हे उत्तर खरं असलं तरी जिन्यात उभं राहून पटवता येत नाही. तेव्हापासून आठवणीचा मेल सरसकट सगळ्यांना जातो: भरला असेल तर आभार, नसेल तर शुक्रवारपर्यंत भरा.

आता व्हॉट्सॲप. मॅनेजमेंटचा लाडका मार्ग, कारण फुकट आणि सगळ्यांच्या खिशात. प्रत्येक लाइनचा ग्रुप असतोच, सुपरवायझरने लिंक टाकली की झालं. खरी गोम तिथेच आहे. ‘तुमचे सुपरवायझर तुमचं म्हणणं ऐकून घेतात का?’ हा प्रश्न सुपरवायझरच्याच हातून आला, तर उत्तर काय येणार? काही ग्रुपवर लिंकच्या खाली लगेच ‘सगळ्यांनी फुल मार्क द्या रे’ असंही आलं. गमतीत असेल, पण मुलं गंमत म्हणून वाचत नाहीत. शिवाय लिंक फिरत फिरत नोकरी सोडून गेलेल्यांपर्यंत जाते आणि तेही मनसोक्त भरतात. हे थांबवायला गूगल फॉर्म्समध्ये ‘एकाचं एकच उत्तर’ हा पर्याय लावता येतो, पण तो लावला की आधी गूगलचं साइन-इन मागितलं जातं आणि फॉर्मच्या डोक्यावर भरणाऱ्याला स्वतःचाच ईमेल दिसतो. तो शेअर होत नाही असं बाजूला लिहिलेलं असतं. ते वाचायला कोण थांबतंय! पर्याय काढून टाकला तर एकच माणूस दहा वेळा भरू शकतो. आम्ही शेवटी काढून टाकला. दहा वेळा भरणारा एखादाच निघतो, साइन-इन बघून परत फिरणारे खंडीभर.

ग्रुपवरचा पोल तर अशा कामाला नकोच. कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. क्रिकेट स्पर्धा कुठल्या रविवारी ठेवायची, एवढ्यासाठी उत्तम.

एसएमएसचा विचारही केला होता. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे कंपनीला डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या यंत्रणेवर नोंदणी करून हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्पलेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) मंजूर करून घ्यावं लागतं, आणि २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदवावी लागते. तेही केलं असतं. पण देवनागरीत एका एसएमएसमध्ये जेमतेम ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. लिंक टाकल्यावर मराठीत ‘सर्व्हे भरा’ यापलीकडे जागाच उरत नाही. आणि आम्हीच थोडे दिवस आधी सायबर फसवणुकीचं सेशन घेऊन सगळ्यांना बजावलं होतं की मेसेजमधल्या अनोळखी लिंकवर बोट ठेवायचं नाही. विषय तिथेच संपला.

क्यूआर कोडकडून मला फार अपेक्षा नव्हती, पण जागा बरोबर सापडली तेव्हा तो चालला. पहिला पोस्टर टाइम ऑफिसशेजारी, पंचिंग मशीनच्या वर. तिथे कोण थांबणार? मागे रांग, बस सुटायची घाई, मोबाइल अजून लॉकरमध्ये. कॅन्टीनमध्ये लावला तर हात आमटीचे. मग आमच्या ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या माणसाने सुचवलं की बसच्या सीटच्या पाठीमागे चिकटवा. तिथे माणूस बसलेला असतो, मोबाइल हातात असतो आणि तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमुळे वेळच वेळ. सकाळी जाताना सगळे झोपलेले. भरतात ते घरी परतताना. शेजारी सुपरवायझर नसतो, कारण बहुतेक सुपरवायझर बाइकवर येतात. कॅन्टीन आणि बसच्या सर्व्हेला सगळ्यात मोकळी उत्तरं इथूनच आली.

करणार असाल तर काही गोष्टी सांगते. कोडची बाजू किती मोठी ठेवायची याचा ढोबळ हिशोब म्हणजे मोबाइल जितक्या अंतरावर धरणार त्याचा दहावा भाग. सीटच्या पाठीला चार-पाच सेंटिमीटर पुरतं, भिंतीवर मोठाच हवा. चकचकीत लॅमिनेशन नको, बसमधला दिवा त्यावर चमकतो आणि कोड स्कॅन होत नाही. फुकटचा ‘डायनॅमिक’ कोड (आधी त्यांच्या साइटवर जाऊन मग फॉर्मवर नेणारा) देणाऱ्या साइट्सपासून सावध राहा. मुदत संपली की बसमधले सगळे स्टिकर बिनकामाचे. थेट फॉर्मच्या लिंकचा साधा कोड छापा, तो कधी संपत नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही लगेच हात आखडता घेतला. प्रत्येक बसला वेगळा कोड दिला तर कुठल्या मार्गावर काय तक्रार आहे ते कळतं. कळतं खरं, पण राजगुरुनगरच्या बसमध्ये त्या शिफ्टला महिला अगदी मोजक्या. त्यांच्यापैकी एकीने काही लिहिलं तर ती कोण हे बसमधली सगळी सांगतील. म्हणून कोड मार्गानुसारच ठेवले, पण लिंग आणि शिफ्ट विचारणं बंद केलं, आणि कमी उत्तरांचा कुठलाही गट वेगळा दाखवायचा नाही असं ठरवलं. बऱ्याच टूल्समध्ये ही किमान संख्या ५ ठेवलेली असते. आम्ही १० ठेवली.

टॅबलेटचा कियॉस्क दिसायला झकास. हात धुवायच्या जागेजवळ स्टँडवर लावला, हिरवा हसरा चेहरा, लाल रडका चेहरा. ‘आजचं जेवण कसं होतं?’ एवढ्याला मजा येते, पोरं जाता-येता तीन-तीनदा दाबतात, कॅन्टीन कॉन्ट्रॅक्टरला धाक राहतो. त्याच टॅबलेटवर मोठा सर्व्हे लावायचं चाललं होतं, तेव्हा प्रेस शॉपमधला एक जुना ऑपरेटर जवळ आला, वर बघून म्हणाला, ‘मॅडम, डोक्यावर कॅमेरा आहे.’ मी म्हटलं, उत्तरं कॅमेऱ्यात दिसत नाहीत. तो म्हणाला, ‘उत्तर नाही दिसत, पण मी किती वाजता उभा होतो ते दिसतं. आणि तुमच्या शीटमध्ये वेळ येतेच की.’ येतेच. गूगल शीटमध्ये प्रत्येक उत्तरापुढे तारीख आणि वेळ सेकंदासकट पडते. आयटीआय केलेला माणूस आमच्या आयटी विभागाच्या पुढे होता. टॅबलेट आता फक्त जेवणापुरता.

आणि मग कागद. हो, कागद. वरच्यांना हे सांगताना मला थोडं चोरट्यासारखं झालं, कारण डिजिटलच्या बजेटवर सही होऊन गेली होती. पण लाइनवरच्या मोठ्या सर्व्हेला कागदाने जे दिलं ते इतर कशाने दिलं नाही. ए-फोरचा अर्धा भाग, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण आमच्याकडे बिहार, यूपी, ओडिशाची मुलं भरपूर. नाव नाही, टोकन नंबर नाही, लाइन नाही, फक्त ‘प्रेस शॉप / असेंब्ली / इतर’. ‘अंशतः सहमत’ वगैरे भाषा काढून ‘हो / नाही / कधी कधी’. बहुतेक प्रश्नांना नुसती खूण, खाली दोन ओळी मोकळ्या.

शिफ्ट सुरू होताना जी पाच-दहा मिनिटांची मीटिंग होते, त्यात कागद वाटायचे. वाटणारा सुपरवायझर नाही, एचआरही नाही. वर्क्स कमिटीतले, म्हणजे कामगार आणि मॅनेजमेंटच्या संयुक्त समितीतले, कामगार प्रतिनिधी. सुपरवायझरने तेवढा वेळ चहाला जायचं. ही अट वरून लिहून घ्या, नाहीतर तो पाठीशी हात बांधून तिथेच उभा राहतो. पेटी कुलूपबंद आणि किल्ली युनियनच्या सेक्रेटरीकडे. युनियन सुरुवातीला साशंक होती, किल्ली हातात पडल्यावर त्यांनीच मुलांना सांगितलं की भरा, काही होत नाही. त्यांच्या या एका वाक्याचं वजन आमच्या सगळ्या पोस्टर्सपेक्षा जास्त होतं.

पेनांचा खोका विकत घ्या. पेनं कमी पडली की एकाच पेनावर चौघं टेकतात, पुढचा मागच्याचं बघतो आणि चारही कागद हुबेहूब एकसारखे येतात. सगळी पेनं निळीच घ्या, म्हणजे कागद रंगावरून ओळखू येत नाहीत. अक्षर ओळखलं जाईल म्हणून काहींनी मोकळ्या ओळी सोडून दिल्या, काहींनी मुद्दाम वाकड्या छापील अक्षरात लिहिलं. ‘लाइन ३ च्या पंख्याची वाट बघून उन्हाळा गेला’ हे वाक्य मी अजून विसरले नाही. लाइन विचारली नव्हती तरी सांगितली. पंखा बसला. त्यानंतरच्या फेरीत पेटी अधिक भरली, हे वेगळं सांगायला नको.

तोटे? डेटा एंट्री. दोन ट्रेनी दोन-तीन दिवस त्यातच अडकतात आणि कंटाळून चुका करतात, म्हणून दहातला एक कागद दुसऱ्याकडून तपासून घेते. साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे वाटप बुधवारी ठेवलं तर रजावाले आणि सुट्टीवाले मिळून पुष्कळ जण सुटतात, सोम-मंगळवार बरा. आणि पगारवाढीचा करार चालू असताना कुठलाच सर्व्हे कुठल्याच मार्गाने वाटू नका. प्रत्येक उत्तर वाटाघाटीचं होतं, पाण्याच्या कूलरबद्दलचंसुद्धा.

अजून एक, कारण हे आमच्या कागदावर पहिल्यांदा छापलेलं नव्हतं. मोकळ्या ओळींमध्ये कधी कधी छेडछाडीसारखी गंभीर गोष्ट येते. निनावी कागदावर कोणाला काय विचारणार? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी द्यावी लागते आणि घटनेपासून साधारण तीन महिन्यांची मुदत असते. आता कागदाच्या तळाशी समितीतल्या सदस्यांची नावं, फोन आणि ‘ही पेटी तक्रारीसाठी नाही, यांना भेटा’ एवढं छापतो. क्यूआरच्या फॉर्मवरही पहिल्याच पानावर तेच.

सध्या आमची घडी अशी बसली आहे: स्टाफला ईमेल, बस-कॅन्टीनला सीटमागचा क्यूआर, वर्षाच्या सर्व्हेला कागद, व्हॉट्सॲपवर फक्त ‘उद्या कागद वाटणार आहेत’ एवढी सूचना. नाइट शिफ्टची कॉन्ट्रॅक्टची मुलं मात्र अजून यात नीट बसत नाहीत. त्यांची गाडी कॉन्ट्रॅक्टरची, वर्क्स कमिटीत त्यांचं कोणी नाही, आणि शिफ्टच्या मीटिंगला त्यांच्यासमोर उभा असतो तो कॉन्ट्रॅक्टरचाच माणूस. पुढच्या फेरीला कागद घेऊन रात्री आमच्यापैकी दोघी जाणार आहोत, किल्ली नेहमीसारखी युनियनकडेच. ज्यांच्याकडे यापेक्षा बरा उपाय चालला असेल त्यांनी खाली जरूर लिहा.